मान डोलावली तरी हिंसाच

हिंसेचे प्रकार किती, तर ८१. पतंजलींच्या योगसूत्रांवरचं सगळ्यात जुनं जे भाष्य आज आपल्याकडे आहे, व्यासभाष्य, त्यात दुसऱ्या पादातल्या, म्हणजे प्रकरणातल्या, ३४व्या सूत्राखाली हा हिशोब मांडलाय. हिंसा एकतर स्वतः केलेली असते, नाहीतर दुसऱ्याकडून करवून घेतलेली असते, नाहीतर दुसऱ्याने केली आणि आपण तिला संमती दिली अशी असते. कृत, कारित, अनुमोदित. यातली प्रत्येक लोभातून, क्रोधातून किंवा मोहातून, म्हणजे भ्रमातून, येते, म्हणजे झाल्या नऊ. मग मृदु, मध्य, अधिमात्र (फार तीव्र) अशा तीव्रतेच्या पायऱ्या, त्या २७, आणि त्या प्रत्येक पायरीत परत तीन-तीन पायऱ्या, असं करत करत ८१. आणि एवढं मोजून झाल्यावर भाष्यकार म्हणतात की खरं तर ही मोजता येणारच नाही इतकी आहे, कारण प्राण्यांनाच मोजदाद नाही.

मी या हिशोबाकडे परत परत येते ते त्या तिसऱ्या खान्यासाठी. अनुमोदित. म्हणजे मी हात उचलला नाही, कुणाला उचलायला सांगितला नाही, पण कुणीतरी उचलला आणि मी हो म्हटलं. किंवा हसले. किंवा मान डोलावली. ते सुद्धा माझ्या नावावर जमा.

हे सगळं लिहायला बसले कारण "तू योग करतेस ना, मग शांत राहा की, कशाला या वादांमध्ये पडतेस" असं मला बरेच जण म्हणतात आणि अगदी प्रेमाने म्हणतात. वंशभेद, रंग, जात, कुणाच्या आडनावावरून त्याला घर नाकारलं, कुणाच्या बोलण्याच्या ढंगावरून त्याची नक्कल केली, असा काही विषय निघाला की योग करणाऱ्या माणसाने जरा बाजूला सरकून डोळे मिटून बसावं अशी एक समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलीये. आणि ती समजूत मला मनापासून खटकते, कारण अष्टांगातलं पहिलं अंग आसन नाहीचे, ते यम आहे, आणि यम म्हणजे बाकीच्या माणसांशी मी कशी वागते याचे नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठवून न ठेवणं). डोळे मिटून बसायचं ते फार पुढे येतं.

लोभ, क्रोध आणि मोहाची भाष्यात जी उदाहरणं आहेत ती बघा. लोभाने हिंसा म्हणजे मांसासाठी, कातड्यासाठी केलेली. क्रोधाने म्हणजे "याने माझं वाईट केलंय" म्हणून. आणि मोहाने म्हणजे "यातून मला धर्म घडेल" असं वाटून. हे तिसरं वाचून मी हादरले होते. आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून अटलांटिक पार नेली आणि ऊस-कापसाच्या मळ्यांवर राबवली, ते लोभाचं. जमावाने एखाद्याला धरून झाडाला लटकवलं, ते क्रोधाचं म्हणता येईल. पण दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून पुढे चाळीसहून जास्त वर्षं जे वर्णभेदाचं राज्य चाललं त्याला तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने धर्माचा आधार दिला होता, लोकांना वेगवेगळं ठेवणं ही देवाचीच योजना आहे असं चांगली, नेमाने प्रार्थना करणारी माणसं मानत होती. आणि आपल्याकडे शिवाशीव पाळणारी माणसं तरी काय समजत होती, आपण पाप करतोय? ती स्वतःला शुद्ध समजत होती. मोहेन, धर्मो मे भविष्यतीति. मला वाटतं सगळ्यात चिवट अन्याय हाच, कारण तो करणाऱ्याला रात्री छान झोप लागते.

आता अनुमोदिताचं एक माझ्या जवळचं. ऑफिसचा एक ऑनलाइन कॉल होता. आमच्या टीममध्ये तेव्हा नुकताच एक नायजेरियन सहकारी आला होता, हुशार, जरा अबोल. तो कॉलवरून बाहेर पडला आणि एकाने त्याच्या रंगावरून आणि उच्चारांवरून एक विनोद केला. दोघे-तिघे हसले, बाकीचे नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. असे क्षण आपल्या सगळ्यांना माहिती आहेत, छातीत काहीतरी आवळतं, तोंड कोरडं पडतं, आणि डोकं लगेच कारणं पुरवायला लागतं, की जाऊ दे, त्याने थोडंच ऐकलंय, मीटिंग संपतच आलीये, हा माणूस तसा वाईट नाही. योगाचा मला रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त उपयोग कुठे होत असेल तर या दोन-तीन सेकंदांत. श्वास कुठे अडकलाय ते कळतं. भीती आहे हे कळतं, आणि भीती आहे हे कळलं की तिच्यासकट बोलता येतं. मी एवढंच म्हटलं की हे मला आवडलं नाही, तो इथे असता तर आपण हे बोललो असतो का. आवाज कापत होता माझा, पण बोलले. विनोद करणारा तो नंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण एकीने मेसेज केला की मलाही बोलायचं होतं. आणि मग वाटलं की त्या कॉलवर जेवढे गप्प होते त्यातले किती जण असेच असतील, संमती नसलेले पण संमतीच्या खान्यात जाऊन बसलेले.

गप्प बसणं म्हणजे अनुमोदन का, यावर वाद घालता येईल. सूत्रात नुसत्या मौनाबद्दल काही म्हटलेलं नाही आणि मी ते सूत्राच्या तोंडी घालणार नाही. काही वेळा बोलणाऱ्याची नोकरी जाते, मार बसतो, आणि ज्याच्यावर अन्याय होतोय त्यानेच दर वेळी धीटपणे बोलावं ही अपेक्षा तर मला क्रूर वाटते. पण ज्याला बोलल्याने फक्त थोडा अवघडलेपणा सोसावा लागणार आहे, त्याचं गप्प बसणं आणि मान डोलावणं यात समोरच्याला काही फरक दिसत नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

यम सांगून झाल्यावर लगेच पुढचं सूत्र येतं, ३१वं. जाती, देश, काळ, समय (म्हणजे ठरवून घेतलेली अट) यांनी ज्यांना मर्यादा पडत नाही असे हे यम सार्वभौम महाव्रत आहेत. भाष्यात तिथे कोळ्याचं उदाहरण दिलंय, की मासे मारणारा म्हणतो मी फक्त माशांची हिंसा करतो, बाकी कुणाची नाही, तर ती जातीने मर्यादित झालेली अहिंसा. इथे जात म्हणजे प्राण्यांचा प्रकार, आपण जी जात म्हणतो ती नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण विचार जो आहे तो थेट येऊन लागतो. एक वर्ग बाजूला काढून ठेवायचा आणि बाकीच्यांशी अत्यंत गोड वागायचं. अशी किती माणसं आपण बघतो, मुंगीवर पाय पडू देत नाहीत, घरातल्यांशी कधी आवाज चढवून बोलत नाहीत, आणि "त्या लोकांबद्दल" मात्र बोलायला लागली की ऐकवत नाही. त्यांचा चांगुलपणा खोटा नसतो. त्याला कुंपण असतं. आणि पतंजली म्हणतात की कुंपण असेल तर ते महाव्रत नाही.

इथे मला दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात, दोघेही इथून अमेरिकेत गेलेले.

एक विवेकानंद. १८९३ साली शिकागोला गेले, आणि १८९६ मध्ये त्यांचं राजयोग हे पुस्तक आलं ज्यात योगसूत्रांचा अनुवाद होता, म्हणजे तिथल्या सामान्य वाचकाच्या हातात पतंजली पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांच्याबद्दल भगिनी निवेदितांनी नोंदवून ठेवलंय की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही शहरांत त्यांना कृष्णवर्णीय समजून हॉटेलात प्रवेश नाकारला गेला, आणि त्यांनी कधीही "मी तो नव्हे" असं सांगून दार उघडून घेतलं नाही. नंतर कुणीतरी विचारलं की सांगितलं का नाही, तर त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याला खाली ढकलून मी वर चढायचं? त्यासाठी मी जन्माला आलो नाही.

दुसरे भगतसिंग थिंद. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, नागरिकत्व मागितलं, आणि तिथला कायदा असा की नागरिक व्हायचं तर गोरा नाहीतर आफ्रिकन वंशाचा असायला हवा. त्यांच्या वकिलांनी मांडलं की हे उच्च जातीचे आहेत, आर्य आहेत, कॉकेशियन आहेत, आणि उच्च जातीचा हिंदू इथल्या आदिवासींकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत तसाच बघतो जसा अमेरिकन निग्रोकडे बघतो. हे कोर्टात मांडलं गेलं, पुरावा म्हणून. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं, आणि त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यातल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. थिंदांना मी दोष द्यायला बसलेली नाही, परक्या देशात पाय रोवायला धडपडणारा माणूस हाती लागेल तो दोर धरतो, आणि पुढे त्यांनी आयुष्यभर तिथे अध्यात्मावर व्याख्यानं दिली. पण तो युक्तिवाद बघा. अन्यायाची शिडी तशीच ठेवायची, फक्त मला दोन पायऱ्या वर घ्या म्हणायचं. क्लेशांच्या, म्हणजे दुःखाच्या मुळाशी असलेल्या दोषांच्या, यादीत अविद्येनंतर लगेच अस्मिता, म्हणजे मीपणा, येते ती अशी कामाला लागते. आणि विवेकानंदांनी जे केलं त्याला मी अस्तेय म्हणेन, जो मान शेजारच्याला नाकारूनच मला मिळणार आहे तो घ्यायचा नाही. गोरा दिसतो, बरं आडनाव आहे, बोलण्यात गावंढळपणा नाही, म्हणून जे आपसूक पदरात पडतं त्याचा विचार मी अलीकडे याच अंगाने करायला लागलेय.

एक सूत्र मला टोचतं, ते लपवून पुढे जाणं बरोबर नाही. दुसऱ्या पादातलं १३वं. त्यात म्हटलंय की क्लेशांचं मूळ आहे तोवर कर्माचं फळ म्हणून जाती, आयुष्य आणि भोग मिळतात. म्हणजे कोणत्या योनीत, कुठे जन्म झाला हे पूर्वकर्माचं फळ. या विचाराने शतकानुशतकं काय काय झाकलंय ते आपल्याला माहितीये, तो तिथे जन्मला ना, मग त्याचं कर्म. बाबासाहेबांनी यावर घेतलेला आक्षेप, की मागच्या जन्मावर सगळं ढकललं की समाजाची जबाबदारीच उरत नाही, तो मला पूर्ण पटतो. गोल गोल अर्थ लावून मी ते सूत्र सुंदर करून दाखवणार नाही. मी एवढंच बघते की योगाची सगळी साधना माझ्या कर्माबद्दल आहे, शेजाऱ्याच्या कर्माचा निकाल लावायचं काम त्यात कुठेही मला दिलेलं नाही. आणि तीनच सूत्रं पुढे येतं, हेयं दुःखमनागतम्. जे दुःख अजून आलेलं नाही ते टाळायचं आहे. कुणाच्या दुःखाचं कारण मागच्या जन्मात शोधत बसण्यापेक्षा मला हे सूत्र हाताशी धरणं जास्त माणुसकीचं वाटतं.

बरं, हे सगळं डोक्याला पटतं पण वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही, त्याचं काय. इथे मला अमेरिकेच्या दक्षिणेतलं नॅशव्हिल शहर आठवतं.

जेम्स लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन, मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती होते, कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले, आणि तिथून सुटल्यावर कुठे आले तर आपल्या नागपूरला. १९५३ ते १९५६, हिस्लॉप कॉलेजमध्ये. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी इथे केला, आणि इथेच नागपूरच्या पेपरात त्यांनी वाचलं की अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय. परत गेल्यावर १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भेटले, ते म्हणाले वाट बघू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि चर्चमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घ्यायला लागले.

त्या कार्यशाळांमध्ये ते काय करायचे हे ज्याने कधी आसनाचा किंवा प्राणायामाचा नेमाने अभ्यास केलाय त्याने नीट वाचावं. काही मुलं खुर्चीवर बसायची, बाकीची हल्लेखोर व्हायची. शिव्या द्यायच्या, ढकलायचं, खुर्चीवरून खेचायचं. आणि बसणाऱ्याने उलट हात उचलायचा नाही, पळायचं नाही, अंगाची घडी करून डोकं कसं वाचवायचं ते शिकायचं, शेजारच्याला कसं सावरायचं ते शिकायचं. पुन्हा. पुन्हा. १३ फेब्रुवारी १९६० ला ती मुलं गावातल्या दुकानांमधल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसली, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांना खरोखर मारहाण झाली, अटका झाल्या, लॉसनना तर विद्यापीठातून काढून टाकलं. त्या विद्यार्थ्यांसाठी आचारनियमांचा एक कागद काढला होता. मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका, सगळ्यांशी सौजन्याने वागा, आणि त्यातच एक नियम होता, ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे ठेवा.

ताठ बसा. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. ती मुलं योग करत नव्हती, त्यांच्याकडे येशू होता आणि गांधी होते, मी त्यांना ओढून योगी करणार नाही. पण योगसूत्रांत आसन म्हणजे जे स्थिर आणि सुखाने बसणं सांगितलंय, ते म्हणजे काय याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहिती नाही, मागे कुणीतरी मानेवर सिगारेट विझवतोय आणि तू पाठ वाकवत नाहीस. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केलेला अभ्यास पक्का होतो असं पहिल्या पादात १४व्या सूत्रात आहे, आणि त्या मुलांनी ते अन्यायासमोर बसण्याच्या बाबतीत केलं. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा हजारो लोक शांतपणे चालत महापौरांकडे गेले आणि डायान नॅश या विशीतल्या मुलीने पायऱ्यांवर उभं राहून महापौरांना विचारलं की केवळ रंगावरून माणसामाणसांत भेद करणं चुकीचं आहे असं तुम्हाला वाटतं का. त्यांना हो म्हणावं लागलं. १० मे ला काउंटर कृष्णवर्णीयांसाठी उघडले. तो प्रश्न विचारायला लागणारा आवाज त्या एका दिवसात तयार झालेला नव्हता.

रोझा पार्क्सचंही तसंच. माँटगोमेरीचा तो बस-बहिष्कार जिच्या अटकेनंतर सुरू झाला ती. थकलेली शिंपीण होती, बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागेवरून उठली नाही, एवढंच आपण सांगतो. ती बाई १९४३ पासून नागरी हक्कांच्या संघटनेत काम करत होती, आणि १९५५ च्या डिसेंबरात बसमध्ये अटक झाली त्याच्या आधी त्याच उन्हाळ्यात ती एका प्रशिक्षण शिबिराला जाऊन आली होती. आणि हो, तिचा १९७३ मधला योगासनं करतानाचा फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, कधी वेळ मिळाला तर शोधून बघा.

म्हणून मी आता सराव करते. खरंच, मोठ्याने, एकटीने. कुणी असं असं बोललं तर मी काय म्हणेन, पहिलं वाक्य कोणतं. छोटी वाक्यं पाठ असलेली बरी, कारण छाती आवळलेली असते तेव्हा सुचत काही नाही.

उपेक्षेबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही, कारण योगातल्या गप्प बसण्याचं सगळ्यात मोठं समर्थन तिथून येतं. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवान बघून आनंद, आणि अपुण्य करणाऱ्याबद्दल उपेक्षा. झालं, मग वाईट करणाऱ्याकडे दुर्लक्ष करा, सूत्रातच आहे! पण अन्याय होतो तेव्हा तिथे एकटा अन्याय करणारा नसतो ना, ज्याच्यावर होतोय तोही तिथेच असतो. त्याच क्षणी, त्याच खोलीत. त्याच्या वाट्याची करुणा गाळून फक्त उपेक्षा उचलायची हे सोयीचं वाचन झालं. मला उपेक्षेचा अर्थ असा लागतो की करणाऱ्याचा द्वेष मनात पाळायचा नाही, रात्रभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडत बसायचं नाही, त्याला धडा शिकवायच्या गोडीत ज्याच्यासाठी बोलायला गेलो त्यालाच विसरायचं नाही. हे शेवटचं आजकाल फार होतं. ज्याच्यावर अन्याय झाला तो कोपऱ्यात आणि आपण त्याच्या नावाने पेटलेले.

माझ्या मामांनी मला लहानपणी प्राणायाम शिकवला. त्यांच्याकडून एका विशिष्ट समाजाबद्दल फॉरवर्ड यायचे, कुटुंबाच्या ग्रुपवर. ग्रुपवर उत्तर न देता मी त्यांना फोन केला.

"मामा, तुम्ही पाठवलं ते खरं आहे का?"

"अगं मला आलं म्हणून पुढे पाठवलं. मी थोडंच लिहिलंय?"

"पण तुम्ही पाठवलं की घरातली मुलं ते खरं समजतात ना, तुमचं नाव बघून."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे, मी त्या लोकांचा द्वेष करतो?" मी म्हटलं, तुम्ही करत नाही हे मला माहितीये, म्हणूनच फोन केला. भाष्यात सत्याबद्दल म्हटलंय की वाणी सगळ्या प्राणिमात्रांच्या उपकारासाठी असते, घातासाठी नाही, आणि तोंडाने खरं बोलून जर घातच होत असेल तर ते सत्य नव्हे. हे मी मामांना सुनावलं नाही, मला स्वतःला त्या फोनच्या आधी वाचून जावं लागलं, नाहीतर मी चारचौघांत त्यांना गप्प केलं असतं आणि ते कायमचे माझ्यापासून तुटले असते. मामा बदलले का? फॉरवर्ड कमी झालेत. अधूनमधून एखादा मला आधी पाठवतात आणि विचारतात, "हे बघ गं जरा, खरंय का." अजून काही गोष्टींवर आमचं अजिबात जमत नाही.

उरला मधला खाना, कारित. करवलेली हिंसा. हा मला सगळ्यात अवघड जातो कारण यात कुणी वाईट माणूस समोर दिसतच नाही. अर्ज येतात, नावं वाचली जातात, "आपल्या टीममध्ये बसेल का" असं कुणीतरी सहज म्हणतं आणि ठरावीक नावं गळत जातात. मुद्दाम कुणी काही करत नाही, पण प्रक्रियाच अशी लावून ठेवलीये की तिच्याकडून ते काम आपोआप होतं, आणि ती प्रक्रिया चालवणाऱ्यांत मी पण आहे. गेल्या वर्षी मी आमच्याकडे लावून धरलं की पहिल्या चाळणीत अर्जावरचं नाव, फोटो आणि पत्ता झाकून टाका, फक्त काम बघा. पुष्कळ चर्चा झाली, वेळ जाईल, गरज काय, आपण कुठे भेदभाव करतो. शेवटी एका विभागापुरतं मान्य झालं. दुसऱ्या विभागाचे प्रमुख अजून नाही म्हणतायत, त्यांच्याशी माझी सोमवारी मीटिंग आहे, आणि या वेळी त्या पहिल्या विभागातल्या दोघी माझ्याबरोबर येणार आहेत.